किती? – पाउल एर्लिख यांचा जन्मभराचा प्रश्न

रोगप्रतिकारशक्ती हा शब्द २०२० च्या साथीपासून शेंबड्या पोरालाही ठाऊक झाला आहे. अमुक काढा घ्या, तमुक पाला खा, शक्ती वाढेल, असे जो तो सांगत होता. वाढली म्हणजे किती वाढली, हे मात्र कोणी विचारीत नव्हते. हा ‘किती’ ज्यांनी जन्मभर विचारला, त्या पाउल एर्लिख यांचे चरित्र थोडक्यात सांगावे असे मला वाटते. मी कला शाखेचा विद्यार्थी. विज्ञान शाखेच्या मित्रांनी या धाडसाला हसू नये.

एर्लिख यांचा जन्म १४ मार्च १८५४ रोजी तेव्हाच्या प्रशियातील (आज पोलंडमधील) एका लहान गावी, ज्यू कुटुंबात झाला. शाळेत ते फारसे चमकले नाहीत. शालान्त परीक्षेत ‘जीवन हे एक स्वप्न’ अशा विषयावर निबंध लिहायचा होता. एर्लिख यांनी त्यात मेंदूतील रासायनिक ज्वलनाची चर्चा केली आणि गुरुजींची नाराजी ओढवून घेतली, असे सांगतात. मला तो निबंध वाचायला आवडला असता!

त्यांचे मामेभाऊ कार्ल वायगर्ट हे कापड रंगवण्याचे नवे कृत्रिम रंग वापरून शरीरातील पेशी रंगवीत. तेच वेड एर्लिख यांना लागले. १८७८ मध्ये लाइपझिग येथे त्यांनी पदवीसाठी प्रबंध लिहिला तोही रंगांवरच. पुढे बर्लिनच्या रुग्णालयात काम करताना काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून, वाळवून, रंगवून त्यांनी पांढऱ्या पेशींचे प्रकार वेगवेगळे करून दाखवले. एक रंग एकाच जातीच्या पेशीला धरतो, दुसरीला सोडतो. असे का व्हावे, हे कोडे त्यांच्या डोक्यातून कधी गेले नाही. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखवताच तो रंगवण्याची अधिक चांगली रीत एर्लिख यांनीच काढली. पुढे तोच क्षय त्यांना जडला. हवापालटासाठी ते इजिप्तला गेले आणि १८८९ मध्ये बरे होऊन परतले, पण हाती नोकरी नव्हती. तेव्हा त्यांनी स्वतःचीच छोटी प्रयोगशाळा थाटली.

आता येथे आपल्या ओळखीची एक वस्तू येते : गुंज! लाल, डोक्यावर काळा ठिपका असलेली. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, हा हिशेब आपल्याकडच्या सोनारांचा. गुंजेचा वेल आमच्या गावी कुंपणाकुंपणांवर चढलेला असतो, आणि बी चावू नकोस म्हणून लहानपणी प्रत्येकाने दटावणी ऐकलेली असते. कारण तिच्या आत जहाल विष आहे. तसेच विष एरंडाच्या बीतही आहे. १८९१ मध्ये एर्लिख यांनी ही दोन विषे प्रयोगाला घेतली. उंदरांना बिस्किटात कालवून प्रथम अगदी कणभर विष चारले, मग रोज थोडे थोडे वाढवत नेले. काही आठवड्यांत तोच उंदीर साध्या उंदराला मारणाऱ्या मात्रेच्या शेकडो पट विष पचवू लागला. एरंडाच्या विषाला सरावलेला उंदीर गुंजेच्या विषाने मात्र मरे. म्हणजे प्रतिकार ही सर्वसाधारण ताकद नव्हे. ती त्या त्या विषापुरती असते, आणि मुख्य म्हणजे तिला आकडा असतो. सोनाराच्या तराजूतील गुंजेनेच जणू रोगप्रतिकाराचे पहिले वजन झाले! (काढेवाल्यांनी हा प्रयोग अवश्य वाचावा.) पुढच्या वर्षी त्यांनी पिल्ले परक्या आयांच्या दुधावर वाढवून दाखवले, की आईची प्रतिकारशक्ती दुधातूनही पिलाला मिळते.

या मोजण्याचा उपयोग लवकरच झाला. घटसर्पाचे नाव घेताना माझी आजी आजही आवाज खाली आणते. तिचा धाकटा भाऊ त्याने गेला. या रोगावर बेरिंग व कितासातो यांच्या १८९० च्या शोधातून प्रतिविषाचे सीरम तयार झाले होते. घोड्याला विष टोचायचे आणि त्याच्या रक्तातील सीरम काढून रोग्याला द्यायचे. पण एक बाटली गुणकारी, तर दुसरी पाण्यासारखी. डॉक्टरने द्यायचे किती? सीरम विषाशी ताडून पाहावे, तर विषच ठेवल्या ठेवल्या बदले. मारण्याची शक्ती जाई, प्रतिविषाला चिकटण्याची मात्र राही. मापच रोज आखडत असेल तर कापड मोजायचे कसे? एर्लिख यांनी विषाचा नाद सोडून प्रतिविषालाच माप केले. एक ठरावीक सीरम वाळवून त्याची भुकटी हवा काढलेल्या नळ्यांत, अंधारात, थंडीत ठेवली. तिच्यातील ठरावीक अंश म्हणजे एक एकक. त्या एककाबरोबर विषाची किती मात्रा टोचली असता २५० ग्रॅम वजनाचा गिनीपिग चौथ्या दिवशी मरतो, ते पाहायचे; मग विषाच्या त्याच मात्रेवर नवे सीरम तपासायचे. ही पद्धत १८९७ मध्ये प्रसिद्ध झाली. बर्लिनजवळ जुनी बेकरी आणि तबेला यांत त्यांची सीरम तपासणी संस्था होती. १८९९ मध्ये ती फ्रँकफर्टला गेली. १९२२ मध्ये घटसर्पाच्या प्रतिविषाचे आंतरराष्ट्रीय माप ठरले, तेही याच एककावर.

पेशीवर आकड्यांसारख्या बाजू असतात, विष त्यांत अडकते आणि पेशी त्या आकड्यांचे जादा उत्पादन करून रक्तात सोडते, हा त्यांचा सिद्धान्त याच काळातला. १९०८ चे नोबेल त्यांना मेच्निकॉफ यांच्याबरोबर मिळाले. उपदंशावरील ६०६ क्रमांकाचे औषध १९१० मध्ये बाजारात आले आणि त्यांचे नाव घरोघरी पोचले. ती कथा सर्वत्र छापलेली आहे, म्हणून येथे सांगत नाही.

मला त्यांचे कर्करोगावरील काम जास्त मोलाचे वाटते, कारण तेथे त्यांचा तराजू अडला. फ्रँकफर्टला त्यांनी उंदरांच्या गाठी एकातून दुसऱ्यात लावून पाहिल्या. सौम्य गाठ टोचलेले बरेच उंदीर पुढे जहाल गाठीला दाद देईनात. एक गाठ वाढत असलेल्या उंदरात दुसरी रुजेना. उंदराची गाठ मोठ्या जातीच्या घुशीसारख्या उंदरात आठवडाभर वाढे आणि मग जिरून जाई. पण घटसर्पासारखे मोजता येण्याजोगे प्रतिविष येथे हाती लागले नाही. म्हणून या प्राण्यांत गाठीला लागणारे अन्न संपत असावे, असा खुलासा त्यांनी केला. तो टिकला नाही. ते उंदीर एकमेकांना परके असल्याने परके मांस नाकारत होते, हे नंतर कळले. एकाच वंशाच्या उंदरांत खास कर्करोगाविरुद्धचा प्रतिकार प्रेन आणि मेन यांनी १९५७ मध्ये दाखवला. शरीराचा पहारा नसता तर कर्करोग फारच सर्रास दिसला असता, हा विचार मात्र एर्लिख यांनी १९०९ मध्येच मांडला होता. २० ऑगस्ट १९१५ रोजी ते वारले.

ते काम करतात लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींपैकी काही. एर्लिख यांनी तरुणपणी ज्यांना रंगांनी वेगळे ओळखले, त्यांच्यातल्याच या! आज कर्करोगाच्या लसीची परीक्षा करताना त्याच मोजतात. १९८३ मध्ये निघालेल्या एका पद्धतीत ९६ खळग्यांची थाळी घेतात. तळाशी प्रतिपिंडांचा थर असतो. त्यावर रोग्याच्या पांढऱ्या पेशी आणि गाठीतील प्रथिनाचा तुकडा घालतात. जी पेशी तो तुकडा ओळखते, ती इंटरफेरॉन सोडते. ते तेथेच धरले जाते आणि रंग दिला की ठिपका उमटतो. एक ठिपका म्हणजे एक पेशी. लाख पेशींत असे ठिपके कधी मोजून चार-दोनच असतात. ते लसीमुळे उमटले की आधीचेच होते, हे पाहायला लस देण्यापूर्वीचे रक्तही राखून ठेवावे लागते. आणि ठिपके वाढले म्हणून गाठ आकसेलच असेही नाही.

घोड्याच्या सीरमची भुकटी करता येत होती. जिवंत पेशींची भुकटी होत नाही. त्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवतात आणि वितळताना काही मरतात. या शतकात निरनिराळ्या देशांतील प्रयोगशाळांना एकाच माणसाच्या गोठवलेल्या पेशी पाठवून ठिपके मोजायला सांगितले गेले, तेव्हा उत्तरे खूप वेगवेगळी आली. जेथे प्रतिकार क्षीण होता, तेथे तो कित्येकांना दिसलाच नाही. तेव्हापासून प्रत्येक प्रयोगशाळेने पेशी कशा वितळवाव्यात, किती वेळ ठेवाव्यात, ठिपका कशाला म्हणावे, याचे नियम बसवण्याचे काम चालू आहे.