शिक्षेपेक्षा शाबासकी

स्वमग्न म्हणजे ऑटिझम असलेले मूल एकाएकी किंचाळू लागले, डोके आपटू लागले की घरच्यांना दोनच वाटा दिसतात. एक तर रागावायचे, नाही तर हवे ते हातात देऊन शांत करायचे. रागावल्याने मूल घाबरते. वस्तू दिली तर किंचाळले की मिळते, एवढेच ते शिकते. तिसरी वाट दाखवणाऱ्या वर्तनशास्त्राचा पाया अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी घातला. त्यांचे स्वतःचे प्रयोग मात्र मुख्यतः उंदीर आणि कबुतरांवर झाले.

स्किनर यांचा जन्म २० मार्च १९०४ रोजी पेनसिल्व्हेनियातील सस्क्वेहाना या छोट्या गावी झाला. वडील वकील होते. मुलाला लेखक व्हायचे होते. पण पदवीनंतर घरी बसून लिहिण्याचा प्रयत्न फसला आणि १९२८ मध्ये तो हार्वर्डला मानसशास्त्राकडे वळला. तिथे त्यांनी एक पेटी बनवली. उंदराने दांडी दाबली की अन्नाची गोळी मिळे. कृतीच्या पाठोपाठ काय मिळते, यावर ती कृती पुन्हा होणार की नाही हे ठरते, असे त्यांना दिसले. या परिणामाने कृती बळावण्याला ‘प्रबलन’ म्हणतात.

दुसरा प्रयोग अधिक बोलका होता. गोळी बंद केली आणि दांडी दाबताच पंजावर फटका बसेल, अशी सोय केली. उंदीर थोडा वेळ थांबले. पण फटके थांबताच पुन्हा दांडी दाबू लागले आणि फटके न खाल्लेल्या उंदरांची बरोबरी त्यांनी गाठली. शिक्षेने सवय दबते, सुटत नाही, हा धडा स्किनर यांनी १९३८ च्या आपल्या पहिल्या ग्रंथात मांडला.

११ नोव्हेंबर १९५३ रोजी ते मुलीच्या चौथीच्या गणिताच्या तासाला पालक म्हणून बसले. काही मुले उदाहरणे संपवून कंटाळली होती, काही अडली होती. बरोबर की चूक हे मात्र कोणालाच लगेच कळत नव्हते. स्किनर यांनी काही दिवसांतच शिकवण्याचे यंत्र तयार केले. लहान पायरी आणि ताबडतोब प्रतिसाद, हे त्याचे सूत्र होते.

हेच सूत्र पुढच्या पिढीने स्वमग्न मुलांसाठी वापरले. १९६४ मध्ये वुल्फ, रिस्ली आणि मीस यांनी साडेतीन वर्षांच्या एका मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर चष्मा लावला नाही, तर त्याची दृष्टी जाणार होती आणि तो चष्म्याला हात लावू देत नसे. आधी नुसती चौकट हातात धरली की खाऊ, मग डोळ्यांजवळ नेली की खाऊ, असे करत करत तो चष्मा लावू लागला.

या शास्त्राची दुसरी बाजूही आहे. लॉस एंजेलिसमध्ये इव्हार लोव्हास यांनी १९६० च्या दशकात स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलांवर चापटा आणि विजेचे झटकेही वापरले. गंभीर इजेच्या प्रसंगी क्वचित अपवाद स्किनर यांनीही मान्य केला. पण दुसरे मार्ग न शोधता शिक्षेवर समाधान मानणे त्यांना घोडचूक वाटे. मुलाला इतरांसारखे दिसायला भाग पाडणे म्हणजे मदत नव्हे, ही हरकत आज अनेक स्वमग्न प्रौढ घेतात. ती रास्त आहे.

स्किनर १८ ऑगस्ट १९९० रोजी रक्ताच्या कर्करोगाने गेले. जेमतेम आठवड्यापूर्वी त्यांनी बोस्टनमध्ये मानसशास्त्रज्ञांपुढे भाषण केले होते.

अक्कलकुव्यासारख्या सातपुड्यातल्या तालुक्यात वर्तनतज्ज्ञ सहज भेटत नाही. मुलाच्या वाढीबद्दल शंका आली, तर अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवावे. घरीही सुरुवात करता येते. मूल किंचाळण्याआधी काय घडले आणि नंतर त्याला काय मिळाले, याची आठवडाभर नोंद ठेवावी. पाणी हवे असेल तर तांब्याकडे बोट दाखवायला शिकवावे आणि बोट वर होताच पाणी द्यावे. त्या वेळी शब्द घरच्याच बोलीतला असावा, मग ती भिली असो वा पावरी. बोटाने काम होते हे कळले की किंचाळण्याची गरज हळूहळू कमी होते.