दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी : कर्मवीर दादासाहेब गायकवाड



नुकतीच दीक्षा घेतलेल्या घरात एक प्रश्न हमखास निघतो. विहारात त्रिशरण-पंचशील झाले, बावीस प्रतिज्ञा म्हटल्या, घरातला देव्हारा उतरवला. आता पुढे काय? दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहावे तो गाव तेच, पाणवठा तोच आणि मजुरी देणाराही तोच. हा दुसरा दिवस कसा काढायचा, हे ज्यांनी आपल्या उभ्या आयुष्याने शिकविले त्यांची जीवनकथा आज तुमच्यापुढे ठेवतो आहे.

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यात, दिंडोरी तालुक्यातील आंबे या गावी झाला. समाज त्यांना प्रेमाने दादासाहेब म्हणू लागला, पुढे कर्मवीर म्हणू लागला. नागपूरची धम्मदीक्षा १४ ऑक्टोबरची आणि दादासाहेबांचा जन्मदिवस त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. हा केवळ योगायोग आहे. पण मुलांना तारीख लक्षात राहावी म्हणून मी वर्गात ती अशीच सांगतो.

नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह तुम्ही ऐकला असेल. २ मार्च १९३० रोजी परमपूज्य बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सुमारे पंधरा हजार माणसांची मिरवणूक मंदिरापर्यंत गेली. दरवाजे बंद होते. मिरवणूक गोदावरीच्या घाटावर वळली आणि तेथे सभा झाली. भाषणांत आणि गाण्यांत आपण सांगतो तो हा दिवस. पण सत्याग्रहाचे खरे कष्ट ३ मार्चपासून सुरू झाले. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया मंदिराच्या दरवाजांशी बसल्या. त्यांच्यानंतर दुसरी तुकडी, मग तिसरी. ९ एप्रिलला रामनवमीच्या रथाच्या वेळी दगडफेक झाली आणि रक्त सांडले.

या सत्याग्रह समितीचे चिटणीस होते भाऊराव. वय अवघे सत्तावीस. बाबासाहेबांना मुंबईची कामे होती. त्याच वर्षी ते गोलमेज परिषदेसाठी विलायतेला गेले. मागे नाशिकात लढा चालू ठेवायचा होता. खेड्यांतून आलेल्या माणसांनी उतरायचे कुठे, जेवायचे काय, तुरुंगात गेलेल्याच्या घरी दाणे आहेत की नाहीत, वर्गणीचा हिशेब कोणी लिहायचा, हे प्रश्न रोजचे होते. शिवाय सत्याग्रहाचा सूड खेड्यांत उगवला जात होता. वाटा अडविल्या गेल्या, दुकानदार सामान देईनात, मुलांना शाळेतून काढले गेले. या माणसांना धीर द्यायला आणि त्यांची हकीकत बाबासाहेबांना कळवायला जागेवर कोणीतरी हवे होते. भाऊराव जागेवर राहिले. एक-दोन महिने नव्हे, चार वर्षांहून अधिक काळ त्यांनी हा भार वाहिला.

बाबासाहेबांनी भाऊरावांना लिहिलेली पुष्कळ पत्रे आज छापलेली आहेत. मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी त्यांना एक पत्र लिहिले. मंदिरप्रवेशाचा लढा मूर्तीच्या दर्शनासाठी नव्हता, झोपलेल्या समाजाला जागे करण्यासाठी होता, आता ती शक्ती शिक्षण आणि राजकारण यांकडे वळवावी, असा त्या पत्राचा आशय आहे. विचार करा, ज्या दरवाजासाठी चार वर्षे माणसांनी मार खाल्ला, तो दरवाजा बंदच असताना पाठ फिरवायची! मी पणाला लागलेला माणूस येथे हट्टाला पेटतो. भाऊराव पेटले नाहीत. दुसऱ्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, त्यांच्याच नाशिक जिल्ह्यातील येवले येथे बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. मंदिराच्या पायरीवरून निघालेली वाट अशी धम्माकडे वळली.

१९३७ मध्ये ते मुंबई कायदेमंडळावर निवडून आले. या सगळ्या काळात आपल्या समाजाच्या गळ्यात आणखी एक दोर होता, महारकी वतनाचा. चार काकऱ्यांचे वतन आणि दारोदारचे बलुते यांच्या मोबदल्यात साऱ्या घराने दिवस-रात्र गावाची आणि सरकारची कामे करायची. बाबासाहेबांनी १९२८ मध्येच त्याविरुद्ध विधेयक मांडले होते. अखेर १९५८ चा कायदा झाला आणि १ ऑगस्ट १९५९ पासून ही कनिष्ठ वतने संपली.

आता १९५६ नंतरचे दिवस आठवा. आपल्या आजोबा-पणजोबांनी दीक्षा घेतली. मेलेली ढोरे ओढायची नाहीत, बलुते मागायचे नाहीत, असे ठरविले. मान ताठ झाली, पण चूल थंड पडली. गावाने कामावर घेणे बंद केले. त्यातच सहा डिसेंबरला बाबासाहेब गेले. ज्यांनी वाट दाखविली तेच राहिले नाहीत आणि हातात भाकरी नाही. बौद्ध झालेल्यांच्या केंद्र सरकारकडील सवलतीही गेल्या. अशा वेळी माणूस पुन्हा जुन्या दारात जाऊन उभा राहतो. तो तसा राहू नये, ही चिंता दादासाहेबांना होती.

त्यांनी ओळखले की ज्याच्या पायाखाली स्वतःची जमीन नाही त्याला पंचशीलही ताठ मानेने पाळता येत नाही. १९५७ मध्ये ते नाशिकमधून लोकसभेवर निवडून गेले. त्याच वर्षी रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. पण खासदारकी मिळाली म्हणून ते दिल्लीत बसून राहिले नाहीत. १९५९ मध्ये त्यांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. नाशिक, खानदेश, तेव्हाचा अहमदनगर जिल्हा, मराठवाडा येथील भूमिहीन माणसे सरकारी पडीक जमिनीवर नांगर घेऊन गेली आणि तेथून तुरुंगात गेली. मागणी साधी होती. जमीन पडीक आहे, हात रिकामे आहेत, दोघांची गाठ घालून द्या.

दुसरा सत्याग्रह ६ डिसेंबर १९६४ रोजी, बाबासाहेबांच्या स्मृतिदिनी सुरू झाला आणि देशभर पसरला. त्याआधी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना मागण्यांची सनद दिली होती. कसणाराला जमीन, भूमिहीनांना पडीक जमीन, किमान वेतनाची अंमलबजावणी, बौद्धांना सवलती, संसदेत बाबासाहेबांचे चित्र, अशा त्या मागण्या. तीन लाखांहून अधिक स्त्री-पुरुष तुरुंगात गेले असे सांगतात. त्यांत लेकुरवाळ्या बायाही होत्या. संसदेत बाबासाहेबांचे चित्र लागले ते १९९० मध्ये. बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळाल्या त्याही १९९० मध्येच. म्हणजे पेरणीनंतर पंचवीस वर्षांनी पीक आले. पेरणाऱ्याने ते पाहिले नाही.

एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. ती टाळून चरित्र पुरे होत नाही. १९५९ च्या सुमारास आपला पक्ष फुटला. एका बाजूला शिकलेले, कायदा जाणणारे लोक. जमिनीचा सत्याग्रह हा बाबासाहेबांचा घटनात्मक मार्ग नव्हे, अशी त्यांची टीका होती. दुसऱ्या बाजूला दादासाहेब आणि खेड्यातली धोतर नेसणारी माणसे. पुढे दादासाहेबांनी काँग्रेसशी समझोता केला, त्यावरही टीका झाली. त्या टीकेत काही तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. पण सुशिक्षितांनी आणि कष्टकऱ्यांनी एकमेकांकडे पाठ केली, यात नुकसान कोणाचे झाले? ज्याच्या घरी जमीनही नव्हती आणि पदवीही नव्हती, त्याचे.

हे लिहिताना मी स्वतःला वगळत नाही. मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. नोकरी लागल्यावर कित्येक वर्षे मी जयंतीला व्यासपीठावर बसत असे, भाषण करीत असे आणि सतरंज्या गोळा करायची वेळ आली की निघून जात असे. वर्गणीचे पुस्तक घेऊन दारोदार फिरणारे आमच्या वस्तीतले म्हातारे मला अडाणी वाटत. दादासाहेबांचे चरित्र वाचले आणि लाज वाटली. ते पदवीधर नव्हते. पण ते पुस्तक त्यांनी हातातून ठेवले नाही म्हणून माझ्या हातात पदवी आली.

दादासाहेब १९६२ ते १९६८ राज्यसभेत होते. १९६८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २९ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. २००४ पासून महाराष्ट्रात त्यांच्या नावाने एक शासकीय योजना आहे. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची तीत तरतूद आहे. १४ एप्रिल १९९० पूर्वीपासून गायरान कसणाऱ्या पात्र भूमिहीनांच्या नावे जमीन करण्याचा शासननिर्णयही २८ नोव्हेंबर १९९१ चा आहे. कागद आहे. पण कागद आपोआप चालत घरी येत नाही.

म्हणून वाचकहो, येत्या १५ ऑक्टोबरला एवढे करा. दीक्षेचा सोहळा आदल्या दिवशी आनंदाने साजरा करा. दुसऱ्या दिवशी सकाळी घरातल्या शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला जवळ बसवा आणि जुन्या पेटीतले कागद बाहेर काढा. वतनाचा असेल, गायरानाचा असेल, दंडाची पावती असेल, तो वाचून घ्या. सातबाऱ्यावर नाव कोणाचे आहे ते पाहा. मग तसाच कागद शेजाऱ्याच्या घरी आहे का ते विचारा. तो शेजारी तुमच्या पोटजातीचा आहे की नाही, तुमच्या गटाचा आहे की नाही, ते विचारू नका.