मजूरमंत्री बाबासाहेब आणि माझी माय



शाळेत चौदा एप्रिलला आपण भाषणे करायचो. महाडचे तळे, संविधान, नागपूरची दीक्षाभूमी सगळ्यांना पाठ असायची. बाबासाहेब आंबेडकर इंग्रजांच्या काळात मजूर खातेही सांभाळत होते, हे मला मात्र नोकरीला लागल्यावर कळले. म्हणून स्मरणिकेसाठी त्यांच्या आयुष्याचा तोच भाग लिहितो आहे.

बाबासाहेबांचा जन्म १८९१ सालचा, महूचा. वडील फौजेत सुभेदार. परदेशातून मोठमोठ्या पदव्या घेऊन आल्यावरही ते कितीतरी वर्षे परळच्या चाळीत, गिरणी कामगारांच्या शेजारात राहिले. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३८ मध्ये संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या विधेयकाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा मोठा संप झाला, त्याच्या पुढाऱ्यांत ते होते.

जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे आले. राज्य परक्यांचे आणि त्यात महायुद्ध चाललेले. तरीही त्यांनी सरकार, मालक आणि कामगार यांना एकत्र बसवणाऱ्या परिषदा चालवल्या. १९४५ च्या दुरुस्तीने कारखान्यातल्या कामगाराला वर्षाला दहा दिवसांची भरपगारी रजा मिळाली. १९४६ मध्ये बारमाही कारखान्यांतले काम आठवड्याला ५४ तासांवरून ४८ तासांवर आले.

हे वाचताना मला माय आठवली. सुपडे मांडीवर घेऊन ती कंदिलाच्या उजेडात बिड्या वळायची. पाने भिजवणे, कापणे, तंबाखू भरणे, दोरा बांधणे. पहाटेपासून रात्रीपर्यंत. तिचे तास कोण मोजणार? आठवड्याला कट्टे घेऊन गेली की मुनीम छाट काढायचा आणि त्या बिड्यांचे पैसे कापायचा.

४८ तासांचा तो कायदा मुख्यतः यंत्रावर चालणाऱ्या कारखान्यांसाठी होता. आमच्या पडवीपर्यंत तो आला नाही. पण १९४४ मध्ये, बाबासाहेबांच्याच कारकिर्दीत, रेगे समिती नेमली गेली आणि तिने बिडी उद्योगाचीही पाहणी केली. घरी बिड्या वळणाऱ्यांना कामगार म्हणणारा देशाचा कायदा यायला मात्र १९६६ साल उजाडले. तोवर बाबासाहेबांना जाऊन दहा वर्षे झाली होती.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. १९५४ मध्ये ते आपल्या भंडाऱ्यातूनच लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. ज्या जिल्ह्यात घरोघरी बिड्या वळल्या जात, तिथेच मजुरांच्या या माणसाला आपण निवडून दिले नाही.

आठवीत शाळेच्या अर्जावर आईच्या व्यवसायापुढे मी ‘घरकाम’ लिहिले होते. लाज वाटत होती. आपल्यापैकी आणखी काहींनीही तेच लिहिले असेल. गुरुजी, इतक्या वर्षांनी ती चूक इथे दुरुस्त करतो. माझी माय बिडी कामगार होती.