ज्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं, त्यांच्यासाठी पंडिता रमाबाईंनी केडगावात घर बांधलं

पुण्याहून सोलापूरच्या दिशेने रेल्वेने निघालात की दौंडच्या अलीकडे केडगाव स्टेशन लागतं. स्टेशनपासून जवळच मुक्ती मिशनचं मोठं आवार आहे. एकेकाळी या आवारात दोन हजारांच्या घरात माणसं राहत होती. त्यात बहुतेक बायका आणि मुली होत्या. कुणी दुष्काळात आईबाप गमावलेली, कुणी विधवा, कुणी आंधळी, तर कुणी फसवली गेल्यामुळे घराचं दार कायमचं बंद झालेली.

हे सगळं उभं केलं पंडिता रमाबाईंनी. रमाबाई म्हटलं की आपल्याला संस्कृतच्या विदुषी आणि विधवांसाठी शारदा सदन काढणाऱ्या समाजसुधारक आठवतात. त्या ख्रिस्ती झाल्या होत्या हेही माहीत असतं. पण तेवढं सांगून विषय बदलला जातो. त्या ख्रिस्ती का झाल्या आणि झाल्यावर रोजच्या जगण्यात त्याचं त्यांनी काय केलं, हे फारसं सांगितलं जात नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, कर्नाटकातल्या गंगामूळच्या जंगलातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून या शास्त्रीबुवांना धर्मपंडितांसमोर उभं राहून उत्तरं द्यावी लागली होती. लोकांच्या कटकटीला कंटाळून त्यांनी जंगलात बिऱ्हाड केलं. रमाबाईंना संस्कृत शिकवलं ते आईनं. पुढे हे कुटुंब गावोगाव पुराणं सांगत फिरू लागलं आणि १८७० च्या दशकातल्या दुष्काळात ते होत्याचं नव्हतं झालं. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. मागे राहिले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं बहीणभाऊ अर्धपोटी, हजारो मैल पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले.

उपास म्हणजे काय असतं हे त्यांना पुस्तकात वाचून कळलेलं नव्हतं, एवढं लक्षात ठेवा. पुढे याचा संबंध येतो.

कलकत्त्यात पंडितांनी त्यांची परीक्षा घेतली आणि त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. मग भाऊही गेला. रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. ते ब्राह्मण नव्हते, त्यामुळे चर्चा झालीच. आसाममधल्या सिल्चरला नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांना बंगाली भाषेतलं लूकचं शुभवर्तमान सापडलं. येशूशी झालेली ही त्यांची पहिली खरी ओळख. पुस्तक आवडलं, गावातल्या मिशनऱ्याकडून थोडं समजूनही घेतलं. पण बायकोने ख्रिस्ती व्हावं हे नवऱ्याला मान्य नव्हतं. विषय तिथेच थांबला. १८८२ च्या फेब्रुवारीत कॉलऱ्याने नवरा गेला. रमाबाई २३ वर्षांच्या होत्या आणि पदरात मनोरमा नावाची मुलगी, तिला अजून एक वर्षही पूर्ण झालं नव्हतं.

त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिलं, हंटर कमिशनपुढे साक्ष देताना बायकांसाठी स्त्री डॉक्टर आणि शिक्षिका हव्यात असं ठणकावून सांगितलं. स्वतः डॉक्टर व्हायचं म्हणून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. पण ऐकू कमी येत असल्याने वैद्यकीय शिक्षणाचं स्वप्न राहून गेलं.

इंग्लंडमध्ये त्या वाँटेज गावी सेंट मेरी संघाच्या जोगिणींकडे राहत होत्या. एकदा त्यांना लंडनजवळच्या फुलहॅमला नेण्यात आलं. तिथे या संघाचं एक घर होतं. ज्यांना त्या काळी सरळ ‘पतित’ म्हटलं जायचं अशा बायका तिथे राहायच्या. जोगिणी त्यांना शिकवत, त्यांच्या आजारपणात उशाशी बसत, चांगल्या घरच्या लेकीसारखं वागवत. रमाबाई हे बघतच राहिल्या. त्यांनी सगळा भारत पायी पालथा घातला होता, देवळं आणि तीर्थक्षेत्रं पाहिली होती. पण अशा बाईला कुणी मायेने जवळ केल्याचं त्यांच्या पाहण्यात नव्हतं. वाट चुकलेल्या बाईला शिक्षा असते, हेच त्या शास्त्रांत शिकल्या होत्या.

तुम्ही हे का करता, असं त्यांनी एका जोगिणीला विचारलं. त्या जोगिणीने धर्मावर प्रवचन दिलं नाही. तिने योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचायला सांगितला.

त्या अध्यायात एक विहीर आहे. ऐन दुपारी शोमरोनी समाजातली एक बाई पाण्याला येते. यहुदी लोक शोमरोन्यांचा विटाळ मानत, त्यांच्या भांड्याला हात लावत नसत. त्यात या बाईचे पाच नवरे होऊन गेलेले आणि आता ज्याच्याबरोबर राहते तो नवरा नाही. यहुदी असलेला येशू विहिरीवर बसलेला असतो आणि तो तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. मग तिच्याशी देवाबद्दल बोलतो. त्याचे शिष्य परत येतात तेव्हा तो एका बाईशी बोलतोय हे पाहूनच चकित होतात.

पाणवठा, विटाळ, भांडं. महाराष्ट्रातल्या माणसाला या गोष्टीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. रमाबाईंना तर नाहीच नाही. तरी निर्णय लगेच झाला नाही, वाचन आणि वादविवाद चालूच राहिले. काशीत वाढलेले आणि आधीच ख्रिस्ती झालेले नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहाराचाही मोठा वाटा होता. २९ सप्टेंबर १८८३ ला त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

इकडे पुण्यात गदारोळ झाला. बाजू घेणारे थोडेच होते. त्यात जोतीराव फुले होते. त्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’ काढून रमाबाईंची बाजू मांडली.

आता कुणाला वाटेल की बाई ख्रिस्ती झाल्या म्हणजे मिशनरी सांगतील तसं वागू लागल्या असतील. उलट झालं. चर्चच्या मंडळींना सगळ्यात जास्त डोकेदुखी झाली ती रमाबाईंचीच. त्या शाकाहारी राहिल्या. अंडं घातलेलं पुडिंगसुद्धा खायच्या नाहीत आणि त्यावरून त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन नाराज व्हायच्या. क्रूसावर लॅटिनमध्ये लिहितात तर संस्कृतमध्ये का नको, हा त्यांचा सवाल होता. त्रैक्याच्या सिद्धांतावर त्यांनी पानंच्या पानं वाद घातला. त्या पुरुष विद्यार्थ्यांना शिकवणार म्हटल्यावर हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली, तेव्हाही त्या संतापल्या. येशूचं ऐकायचं ठरवलंय, मध्ये बसलेल्या प्रत्येकाचं नाही, असाच या सगळ्याचा सूर होता. घरातल्या शास्त्रीबुवांनी लावलेली वाद घालायची सवय धर्म बदलल्याने थोडीच जाणार होती!

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, त्यांच्या नात्यातल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या पदवीदान समारंभासाठी. तारीख होती ११ मार्च. तिथे त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या अवस्थेवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, गावोगाव भाषणं दिली. बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि दहा वर्षं पैसे पुरवायचं ठरलं. अट एकच, शाळेत धर्मप्रसार करायचा नाही.

११ मार्च १८८९ ला मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झालं. (हो, पुन्हा ११ मार्च.) सुरुवातीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची बालविधवा होती. पुढे धोंडो केशव कर्व्यांनी हिच्याशीच पुनर्विवाह केला. तीही तारीख ११ मार्च, साल १८९३. सदन सुरू झाल्याच्या पुढच्या वर्षीच, म्हणजे १८९० मध्ये, ते पुण्याला हललं.

सदनात हिंदू मुलींना त्यांचे आचार, देवपूजा, सोवळंओवळं पाळायची मोकळीक होती. रमाबाई स्वतः पहाटे मुलीबरोबर प्रार्थना करायच्या, पण खोलीचं दार बंद करत नसत. स्वतःच्या घरात चोरून प्रार्थना कशाला करायची, असा त्यांचा विचार. काही मुली आपण होऊन दारात येऊन बसू लागल्या. त्यांना त्यांनी हाकललं नाही.

इथेच ठिणगी पडली. मुलींना फूस लावून ख्रिस्ती करतात, असा आरोप झाला. ‘केसरी’ने झोड उठवली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे पाठीराखेही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. बोस्टनहून चौकशी झाली, पण तिथल्यांनी पाठिंबा कायम ठेवला.

दोन्ही बाजू समजून घ्यायला हव्यात. रानडे-भांडारकरांनी तटस्थ शाळा म्हणून आपलं नाव दिलं होतं आणि लोकांपुढे उत्तर त्यांना द्यावं लागत होतं. रमाबाईंचं म्हणणं असं की मुलींना त्यांचा धर्म पाळायची मोकळीक आहे, मग मला माझा पाळायची का नसावी? दहा-बारा वर्षांच्या मुलीवर जिच्या आधाराने ती जगते त्या बाईच्या प्रार्थनेचा परिणाम होणारच, हे मात्र नाकारता येत नाही. पुढे केडगावात तर त्यांनी हा तटस्थपणा सोडूनच दिला आणि संस्था उघडपणे ख्रिस्ती झाली. त्याबद्दलचे प्रश्न तेव्हाही विचारले गेले आणि आजही विचारले जातात.

मग आला १८९६-९७ चा दुष्काळ. मध्य प्रांतात माणसं किड्यामुंग्यांसारखी मरत होती. रमाबाईंना आपले आईवडील आठवले. त्या स्वतः तिकडे गेल्या. अनाथ मुलींना पळवणारे दलाल जागोजागी फिरत होते. सदन होतं जेमतेम काही डझन मुलींचं, खर्चाची सोय तेवढ्यापुरती. बाई परत आल्या त्या शेकडो मुली घेऊन. अंगावर चिंध्या, डोक्यात उवा, खरूज, कित्येकींना आजार. त्यांच्यासाठी पैसे कुठून येणार याचा हिशेब आधी केलेला नव्हता.

त्यात पुण्यात प्लेग. इतक्या मुली शहरात ठेवायला परवानगी मिळेना. सदनाला उत्पन्न असावं म्हणून केडगावला सुमारे शंभर एकर जमीन आधी घेऊन ठेवली होती, तिथे या मुलींना नेलं. आधी झोपड्या, मग विहिरी, मग इमारती. नाव ठेवलं मुक्ती.

याच वेळी आणखी एक भानगड झाली. प्लेगच्या सरकारी इस्पितळांत आणि छावण्यांत बायकांची जी अवस्था होती, त्यावर रमाबाईंनी १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये सडेतोड पत्र लिहिलं. आपली एक मुलगी तिथून बेपत्ता झाली, असंही त्यात होतं. प्रकरण थेट ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेलं. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळले. रमाबाई मागे हटल्या नाहीत. ख्रिस्ती बाई म्हणजे सरकारच्या बाजूची, असं समजणाऱ्यांना हा प्रसंग अडचणीचा आहे.

१९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला, तिकडूनही शेकडो मुली आल्या. मुक्तीत आता गावच वसलं होतं. आयतं कुणालाच मिळत नव्हतं. मुली दळण दळायच्या, स्वयंपाक करायच्या, माग चालवायच्या, तेलाची घाणी आणि गोठा सांभाळायच्या, शेतात राबायच्या, शिकायच्या आणि शिकल्या की धाकट्यांना शिकवायच्या. रमाबाई त्यांच्यातच साध्या पांढऱ्या सुती लुगड्यात वावरायच्या. भजनं मराठीत आणि देशी चालींवर व्हायची.

फुलहॅममध्ये पाहिलेलं त्या विसरल्या नव्हत्या. ज्यांना ‘पतित’ म्हणून टाकलं होतं त्यांच्यासाठी कृपा सदन निघालं. म्हाताऱ्या आणि दुबळ्या बायकांसाठी प्रीती सदन. आंधळ्यांसाठी बार्तीमी सदन, हे नाव बायबलमधल्या बार्तीमय या आंधळ्या भिकाऱ्यावरून. ब्रेल लिपी मनोरमाने शिकून घेतली होती, ती तिथे शिकवायची.

आयुष्याची शेवटची वर्षं रमाबाईंनी एका वेगळ्याच कामाला दिली. त्या वेळचं मराठी बायबल त्यांना जड आणि संस्कृत शब्दांनी बोजड वाटायचं. स्वतः एवढ्या संस्कृत पंडिता, पण मुक्तीतल्या खेडवळ बाईला वाचता यावं म्हणून सोप्या मराठीत नवं भाषांतर करायला बसल्या. मूळ भाषेतून करायचं म्हणून उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. छापखाना मुक्तीतलाच. दुष्काळात उचलून आणलेल्या, कधी अक्षरही न पाहिलेल्या मुली आता तिथे खिळे जुळवत होत्या, छपाई करत होत्या.

१९१९ मध्ये सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिलं. १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमा गेली. संस्था तिच्या हाती सोपवायची असं ठरलं होतं, ते राहून गेलं. रमाबाईंची तब्येतही खालावली होती, तरी प्रुफं तपासणं थांबलं नाही. काम हातावेगळं झालं आणि ५ एप्रिल १९२२ ला केडगावातच त्यांनी देह ठेवला. संपूर्ण बायबल त्यांच्या पश्चात मुक्तीच्याच छापखान्यातून, तिथल्या बायकांच्या हातांनी छापून बाहेर पडलं. केडगावचं मुक्ती मिशन आजही चालू आहे.