सात वेळा कोसळलेला जगज्जेता

मुष्टियुद्धातला ठोसा हाताचा असतो, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात त्याची सुरुवात पावलापासून होते. पाय जमिनीला रेटा देतो, तो जोर कंबर आणि धडाच्या वळणातून खांद्यात येतो आणि शेवटी मुठीत पोहोचतो. पाय अस्थिर असतील, तर दंडातल्या ताकदीचा फारसा उपयोग होत नाही. हेवीवेट जगज्जेता जो लुईस याला हे मार खाऊन शिकावे लागले.

१३ मे १९१४ रोजी अमेरिकेतील अलाबामात, शेतावर राबणाऱ्या गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात त्याचा जन्म झाला. १९२६ मध्ये हे कुटुंब डेट्रॉइटला आले. आईने व्हायोलिनच्या शिकवणीसाठी दिलेले पैसे जो मुष्टियुद्ध शिकण्यावर खर्च करू लागला. १९३२ मध्ये पहिल्याच हौशी लढतीत जॉनी मायलरने त्याला सात वेळा खाली पाडले. त्यानंतर जोने काही काळ हातमोजे बाजूला ठेवले आणि तो फोर्डच्या कारखान्यात काम करू लागला.

तो परतला आणि १९३४ मध्ये राष्ट्रीय हौशी विजेता झाला. त्याच वर्षी ४ जुलैला शिकागोत त्याने पहिली व्यावसायिक लढत पहिल्याच फेरीत जिंकली. यामागे प्रशिक्षक जॅक ब्लॅकबर्न यांची मेहनत होती. तोल सांभाळून पुढे सरकणे आणि एकामागून एक आखूड, नेमके ठोसे मारणे त्यांनी जोच्या अंगवळणी पाडले.

तरी एक खोड उरली होती. डाव्या हाताचा ठोसा मारल्यावर जो तो हात खाली आणत असे. जर्मनीच्या माक्स श्मेलिंगने त्याच्या लढतींच्या फिल्म पाहून हे हेरले. १९ जून १९३६ रोजी जो चौथ्या फेरीत कोसळला, उठला आणि बाराव्या फेरीत पराभूत होईपर्यंत मार खात राहिला. दोनच महिन्यांनी तो पुन्हा रिंगमध्ये होता. २२ जून १९३७ रोजी, वयाच्या २३व्या वर्षी, तो जगज्जेता झाला.

या जिद्दीचे कौतुक करताना मेंदूचा विचार मात्र विसरू नये. जबड्यावर ठोसा बसला की डोके झटक्यात वळते आणि कवटीच्या आतल्या मऊ मेंदूतील तंतू ताणले जातात. मुष्टियोद्ध्यांमध्ये यातून होणाऱ्या विकाराचे वर्णन डॉ. हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्येच केले होते. जोला उतारवयात मानसिक आजारासाठी रुग्णालयात राहावे लागले. मात्र त्याच्या वडिलांनाही मानसिक आजार होता, त्यामुळे सगळा दोष ठोशांना देता येत नाही. १२ एप्रिल १९८१ रोजी, वयाच्या ६६व्या वर्षी त्याचे निधन झाले.

पडल्यावर उठणे ही जिद्द खरी. पण मेंदूला सावरायला वेळ लागतो. खेळताना मुलाच्या डोक्याला मार लागून चक्कर आली, तो गोंधळला किंवा डोके दुखू लागले, तर त्या दिवशी त्याला पुन्हा मैदानात उतरवू नका आणि डॉक्टरांना दाखवा. उलट्या, वाढती डोकेदुखी, झटके किंवा गुंगी दिसली, तर तातडीने रुग्णालय गाठा. पुन्हा खेळायचे कधी, हे डॉक्टरांना ठरवू द्या.