केसाच्या फासातून उलगडले गर्भाचे रहस्य

तान्ह्या बाळाचा एक केस आणि न्यूटचे मोहरीएवढे अंडे! एवढ्या सामग्रीवर भ्रूणविज्ञानाला नवी दिशा देणारे शास्त्रज्ञ म्हणजे हान्स श्पेमान. त्यांचा जन्म २७ जून १८६९ रोजी जर्मनीतील स्टुटगार्ट येथे झाला. वडील पुस्तक प्रकाशक होते. काही काळ त्या व्यवसायात घालवून हान्स वैद्यकशास्त्राकडे आणि पुढे प्राणिशास्त्राकडे वळले. १८९६ च्या हिवाळ्यात क्षयरोगाने त्यांना सक्तीची विश्रांती घ्यावी लागली. त्या काळात वाचलेल्या ऑगस्ट वाइझमान यांच्या आनुवंशिकतेवरील ग्रंथाने त्यांच्या संशोधनाची दिशा निश्चित केली.

न्यूट हा सरड्यासारखा दिसणारा, शेपूट असलेला उभयचर प्राणी. वसंत ऋतूत मादी पाणवनस्पतीच्या पानाच्या घडीत एकेक अंडे जपून ठेवते. श्पेमान यांनी आपल्या बाळाच्या मऊ केसाचा फास करून असे अंडे मधोमध आवळले. कधी एकाच अंड्यातून दोन परिपूर्ण डिंभ निर्माण झाले, तर अर्धवट आवळलेल्या अंड्यातून दोन डोक्यांचा जीव आकारास आला. मात्र फासाची दिशा बदलली की एका अर्ध्या भागातून पेशींचा निव्वळ गोळा उरे. अंड्याच्या एका विशिष्ट भागातच शरीररचनेचे सूत्र दडले असावे, असे त्यांना वाटू लागले.

रोस्टॉक आणि बर्लिननंतर १९१९ मध्ये ते फ्रायबुर्ग विद्यापीठात आले. तेथे हिल्डे प्रोशोल्ट या विद्यार्थिनीने फिकट रंगाच्या न्यूट-भ्रूणातील नेमका तो भाग गडद रंगाच्या भ्रूणाच्या पोटाकडील बाजूस रोपण केला. काम अत्यंत जिकिरीचे होते. प्रयोगासाठी वर्षातून विणीचे काही आठवडेच मिळत. अंड्याभोवतीचे जेलीचे आवरण काढताच भ्रूण जिवाणूंच्या तावडीत सापडे. प्रतिजैविके तेव्हा नव्हती. शेकडो शस्त्रक्रियांपैकी मोजकेच भ्रूण तग धरू शकले. पण त्यांच्या पोटाशी दुसरा भ्रूण आकार घेत होता आणि त्यात यजमानाच्याही पेशी होत्या. रोपण केलेला तुकडा शेजारच्या पेशींना कामाला लावत होता! श्पेमान यांनी त्याला 'संघटक' असे नाव दिले.

१९२४ मध्ये दोघांच्या नावे हा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये विवाहानंतर हिल्डे मांगोल्ड झालेल्या या तरुणीचा घरातील शेगडीच्या स्फोटात भाजून मृत्यू झाला. त्या अवघ्या २५ वर्षांच्या होत्या. श्पेमान यांना १९३५ चे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा त्यांच्या सहकारी हयात नव्हत्या.

दरम्यान, १९३१ मध्ये श्पेमान यांचेच शिष्य योहानेस होल्टफ्रेटर यांनी उभयचरांच्या भ्रूणांसाठी संतुलित क्षारद्रावण तयार केले. ते आजही प्रयोगशाळांत वापरले जाते. श्पेमान यांचे सप्टेंबर १९४१ मध्ये फ्रायबुर्ग येथे निधन झाले. गर्भातील तो भाग आज 'श्पेमान-मांगोल्ड संघटक' म्हणून ओळखला जातो. पारितोषिकाने जे साधले नाही, ते निदान या जोडनावाने साधले.