हवेचा दाब आणि पॉल बेर

२० सप्टेंबर २०१८ रोजी मुंबईहून जयपूरला निघालेले विमान वर चढत असताना केबिनमधील हवेचा दाब घटला. दाब राखणारी कळ सुरू करायची राहून गेली होती. ऑक्सिजनचे मुखवटे खाली आले, सुमारे ३० प्रवाशांच्या नाका-कानांतून रक्त आले आणि विमान मुंबईला परतले. अशा वेळी मुखवटा का हवा, याचे उत्तर दीडशे वर्षांपूर्वी पॉल बेर यांनी शोधले.

बेर यांचा जन्म १८३३ मध्ये फ्रान्समधील ओसेर गावी झाला. कायदा शिकून ते वैद्यकाकडे वळले, शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांचे शिष्य झाले आणि पुढे पॅरिसच्या सोरबॉनमध्ये प्राध्यापक. उंचावर माणूस का गळून जातो, यावर तेव्हा एकमत नव्हते. बेर यांनी बंद टाकीतील हवा काढून प्राण्यांवर आणि स्वतःवर प्रयोग केले. दाब एव्हरेस्टच्या माथ्यावरच्याइतका उतरला, तरी ऑक्सिजन घेत ते शुद्धीवर राहिले. कान-नाक दुखते ते दाबामुळे, पण शुद्ध हरपते ती ऑक्सिजनच्या तुटवड्याने, हे त्यातून कळले.

१५ एप्रिल १८७५ रोजी तिघे जण ‘झेनिथ’ बलूनमधून आठ हजार मीटरपर्यंत गेले. सोबतचा ऑक्सिजन पुरणार नाही, असे बेर यांनी कळवले होते. पण पत्र वेळेवर पोहोचले नाही. क्रोसे-स्पिनेली आणि सिवेल दगावले. वाचलेल्या तिसांदिए यांना ना वेदना जाणवल्या, ना भीती. मात्र ऑक्सिजनच्या नळीकडे हात उचलवेना.

१८७८ मध्ये बेर यांचा हवेच्या दाबावरील ग्रंथ आला. पुढे ते शिक्षणमंत्री झाले आणि १८८६ मध्ये हनोई येथे आमांशाने वारले.

कळवण तालुक्यातील सप्तशृंगगड चार हजार फुटांहून उंच आहे. तिथे धाप लागते ती चढामुळे. विमान ३५ हजार फुटांवर असले, तरी आतला दाब जास्तीत जास्त आठ हजार फुटांवरच्या डोंगराइतका विरळ होऊ दिला जातो. तो दाब अचानक गेला, तर भान टिकते जेमतेम अर्धा ते एक मिनिट, आणि ते जात असल्याचे कळतही नाही. म्हणून मुखवटा आधी स्वतःला लावावा, मग शेजारच्या मुलाला. तोवर वैमानिक विमान दहा हजार फुटांपर्यंत खाली आणतो.